एकच टोपली साल

"गप गो. मासं ऐकतात."

असं म्हणून ती स्वतःच्या नव्हे, माझ्या ओठांवर हात ठेवायची. ओला, गार, शेवाळाचा वास येणारा हात. मी तोंड पुसलं की तिला हसू यायचं, आणि ती हसली की तिच्याच म्हणण्याप्रमाणे मासे पळायचे. दोष अर्थातच माझा. "तू आलीस का माझी टोपली रिकामी," असं ती दर खेपेला ऐकवायची आणि दर खेपेला मी निघताना पानात बांधलेले चार मळे मासे माझ्या पिशवीत घालायची.

तिचं नाव मी इथे लिहिणार नाही. एकदा लिहिलं होतं, सुवाच्य अक्षरात, एका अर्जाच्या वरच्या ओळीत. तेवढं पुरे झालं.

तुम्ही तिला पाहिलंही असेल. मुरबाडहून माळशेजकडे जाताना टोकावड्याच्या नाक्यावर, धाब्यांच्या अलीकडे, पळसाच्या पानांवर माशांचे वाटे लावून बायका बसतात. त्यांतली सगळ्यांत शेवटची, रस्त्याकडे पाठ करून बसलेली, ती ही. गिऱ्हाइकाला तिला मागून हाक मारावी लागायची. पाठ का करतेस म्हणून विचारलं, तर म्हणाली, "धूळ तोंडावर घेऊ का पाठीवर?" घासाघीस करणाऱ्याशी ती वाद घालत नसे. वाटा उचलून त्याच्या नाकाशी धरायची. "वास घे. बर्फाचा येतो का पान्याचा?" गाडीतला माणूस दचकून मागे सरकायचा आणि बहुतेक वेळा घेऊन जायचा.

वय विचारलं तर सांगायची, "माळशेजचा रस्ता रुंद केला तवा मला दोन पोरी व्हत्या." त्या पोरी आता लग्न होऊन गेलेल्या. घरात ती आणि नवरा. नवरा इतका कमी बोलायचा की पहिले सहा महिने मला तो मुका वाटला होता. मी तसं तिला विचारलं, तेव्हा ती त्याच्याकडे वळून म्हणाली, "आयकलंस? कागदबायनं तुला मुका केला." तो हसला. बोलला नाहीच.

'कागदबाय' म्हणजे मी. मी शहापूरची. किन्हवली, सरळगाव करत, दोन एसट्या बदलून दर गुरुवारी त्या वाडीत जायचे. गाव संपल्यावर, ओढा ओलांडून सुरू होणारी कातकऱ्यांची वाडी. काळू नदी तिच्या पायथ्याशी. आमच्या संघटनेचं काम वनहक्काचे दावे भरण्याचं, रेशनकार्डांचं, आणि दुपारी बायकांना सही शिकवण्याचं. माझ्या पिशवीत वह्या कमी आणि पत्रकं जास्त असत. मी अक्षरं शिकले तीच पत्रकांवर. वडील मोर्चाच्या पत्रकांच्या घड्या घालायला बसवायचे, आणि 'कमळ', 'बदक' यांच्याआधी मी 'जुलूम' आणि 'एकजूट' वाचलं. त्यामुळे साधं वाक्य मला लिहिताच येत नसे. प्रत्येक वाक्याला भाल्यासारखं टोक.

"कागदबाय आली! चुलीला कागद घ्या गो!" मी ओढा ओलांडताच ती ओरडायची. आणि बायका खरंच घ्यायच्या. एकदा जंगलाच्या हक्काच्या पत्रकावर तिने भाकरी काढून ठेवलेली मी पाहिली. माझी नजर कळल्यावर तिने शांतपणे भाकरी उचलली, कागद उलटा केला, पुन्हा भाकरी ठेवली. "एक बाजू वाचून झाली," म्हणाली. तिला वाचता येत नव्हतं.

सही शिकायला तिला तीन महिने लागले. पाग फेकणारा हात तो. नदीत उभं राहून एका झोक्यात ते गोल जाळं असं पसरायची की पाण्यावर क्षणभर कोणी परात पालथी घातल्यासारखं वाटायचं. पण पेन्सिल त्या हाताला सापडत नसे. "एवढीशी काडी. हिनं काय व्हतंय?" पुष्कळ होतं, असं मी तिला सांगायचे. अंगठा हे गुलामीचं चिन्ह आहे, सही म्हणजे माणूस ताठ उभा राहिला, असं एक लहानसं भाषणच मी दिलं होतं. ती ऐकत होती आणि पागाची तुटलेली गाठ बांधत होती. पुढच्या गुरुवारी मला नदीवर घेऊन गेली. ओल्या बोटाने तापलेल्या खडकावर तिने स्वतःचं नाव लिहिलं, सगळी अक्षरं, वेलांटीसकट. उन्हात ते बघता बघता नाहीसं झालं.

"बघ गो, मी उडाले!"

आम्ही दोघी खूप हसलो.

त्या वाडीतली निम्मी माणसं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडाला परततात. ती जात नसे. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी एकदा गेली होती. भट्टीवर काय झालं हे तिने मला कधी सांगितलं नाही. परत आल्यावर नवऱ्याला एवढंच म्हणाली होती, "तू जा. मी नाय." पण भट्टीवर जोडी लागते. एकट्या बाप्याला मुकादम नेत नाही. मग तोही राहिला, गावातल्या शेतांवर मजुरी करू लागला, आणि घर चालवायचं काम नदीकडे आलं. पावसाळ्यात आणि नंतर जोवर धार वाहते तोवर पाग. थंडीत दगडाखाली हात घालून खेकडे. पाग तिने स्वतः विणला होता. एक अख्खा पावसाळा लागला होता त्याला. "हा हाय तवर भट्टी नाय," ती म्हणायची. पागाला ती खुंटीवर टांगून ठेवायची, घरातल्या चांगल्या लुगड्याच्या शेजारी.

आणि वर्षातून एक दिवस साल.

हा दिवस वैशाखात यायचा. वाडीच्या वरच्या अंगाला, खडकांच्या कपारीत एक लांबट डोह आहे. तिथे पाग चालत नाही, दगडांत अडकून फाटतो. त्या डोहासाठी ती डोंगरउतारावरून रामेठ्याच्या झुडपाची साल काढून आणायची. खडकावर ठेचायची, टोपलीत भरायची आणि कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून ती टोपली हळूहळू घोळायची. पाण्याला तांबूस फेस यायचा. थोड्या वेळाने मासे वर यायला लागायचे, पेंगुळलेले, कुशीवर कललेले. मोठे उचलायचे, बोटाएवढे सोडून द्यायचे. ऊन कलेपर्यंत त्यांची गुंगी उतरायची आणि ते पुन्हा खाली जायचे. त्या दिवशी वाडीत घरटी एक वाटा. जी म्हातारी डोहापर्यंत येऊ शकत नव्हती, तिचा वाटा सगळ्यांत आधी निघायचा. मी एकदा हे सगळं पाहिलं आणि भारावून गेले. परतीच्या एसटीत माझ्या डोक्यात एका नव्या पत्रकाचा मथळा तयार झाला होता.

त्याच वर्षी सुरुंग सुरू झाले.

नदीच्या खालच्या अंगाला दगडाची एक खदान आहे. तिथल्या पोरांनी जिलेटिनच्या कांड्या आणून खालच्या मोठ्या डोहात टाकायला सुरुवात केली. एक धप्प आवाज, पाण्याचा खांब, आणि मग पांढरी पोटं वर करून तरंगणारी नदी. मोठं उचलून ते निघून जायचे, बाकी सडायचं. तिने एक मासा माझ्या हातावर ठेवला. बाहेरून चकाचक. तिने अंगठ्याने दाबला, तर आत सगळा चिखल. "काटाच ऱ्हायला नाय ह्याला," ती म्हणाली. "अंडी व्हती पोटात." तिचा आवाज त्या दिवशी मी पहिल्यांदा चढलेला ऐकला. "तुझ्या कागदात हायत का काय ह्यावर?"

होतं. माझ्या कागदात सगळ्यावर काहीतरी असायचं. मी शहापूरला जाऊन मासेमारीचा कायदा वाचला. पाण्यात स्फोटकं वापरणाऱ्याला कैद किंवा दंड, किंवा दोन्ही, अवजारं सरकारजमा. मी तो भाग लाल शाईने अधोरेखित केला. त्याच्या खालचं कलमही वाचलं. तेही अधोरेखित केलं असतं तर आज हे लिहायची वेळ आली नसती. ते कलम पाण्यात विष किंवा तसला कुठलाही पदार्थ घालण्याविषयी होतं. मी मनात म्हटलं, बरोबर आहे, मासे मारायला ब्लीचिंग पावडर ओतणाऱ्यांना हे लागू करायलाच हवं. साल माझ्या मनातसुद्धा आली नाही. जी गोष्ट मला सुंदर वाटते तिला कायद्यात विष म्हणतात, हे कळण्याइतकं माझं वाचन नव्हतं. पत्रकं खूप वाचली होती.

अर्ज तिच्या अंगणात बसून लिहिला. तीन पानं. अर्जदार म्हणून तिचं नाव, कारण पीडितांनी स्वतः बोललं पाहिजे असा आमचा आग्रह. पहिल्या पानावर खदानीची पोरं, सुरुंग, तारखा. तिथेच थांबले असते तर चांगला अर्ज होता तो. पण मला त्यात तुलना हवी होती. एकीकडे यांचा विध्वंस, दुसरीकडे आदिवासींचं शहाणपण. म्हणून दुसऱ्या पानावर मी लिहिलं: 'आम्ही मात्र पिढ्यान्‌पिढ्या दर वैशाखात वरच्या डोहात रामेठ्याची साल घालून, माशांना गुंगी आणून, गरजेपुरतेच मासे घेतो!' पुढे ती कशी ठेचतात, कशी घोळतात, सगळं. लिहून झाल्यावर मी तिला मोठ्याने वाचून दाखवलं. तो नियम होता आमचा.

ती लक्षपूर्वक ऐकत होती. मध्येच तिने हात वर केला.

"किती टोपल्या लिवलंस?"

"दोन-तीन."

"खोटं नको लिवू. एकच टोपली. जास्त घातली तर बारकं मरतंय."

मी 'दोन-तीन' खोडलं, 'एकच' लिहिलं.

"आन् 'आमी' काय? बाकीच्या येतात नुसत्या उचलाया. साल मीच घालतंय. तसं लिव."

मी तसं लिहिलं. तिच्या प्रामाणिकपणाचं मला इतकं कौतुक वाटलं की मी ते तिच्या नवऱ्यालाही सांगितलं. मग तिने पेन घेतला आणि तिन्ही पानांवर सही केली. सरकारी कागदावरची तिची पहिली सही. शेवटची वेलांटी थोडी जास्त फिरली, म्हणून जीभ चावली तिने.

अर्जाची दखल घेतली गेली. हे वाक्य मी आयुष्यभर विजयाच्या बातमीसारखं वाचत आले होते.

पुढच्या वैशाखातल्या एका सकाळी पोलिसांची जीप आली. खदानीच्या पोरांना कोणीतरी आधीच सांगितलं असणार. खालच्या डोहावर चिटपाखरू नव्हतं. पण अर्जात दोन डोह होते. महिना होता. साल कोण घालतं हेही होतं. माणसं वरच्या डोहावर गेली तेव्हा ती कमरेएवढ्या पाण्यात उभी होती, हातात टोपली. तिला वाटलं, आपल्याच अर्जावरून आपलीच बाजू बघायला आले आहेत. तिने त्यांना हाक मारली. "या, या. खाली काय बघता? आमचं कसं असतं ते बघा." आणि करून दाखवलं.

हे मला तिच्या जावेने फोनवर सांगितलं. मी पोहोचले तेव्हा ती चौकीच्या पायरीवर बसली होती, लुगडं अजून ओलं. आत टेबलावर जप्तीचा माल: एक टोपली, एक कोयता, एक पाग. पाग त्या दिवशी वापरलाच नव्हता. तिने तो घरातून आणला होता, मासे गुंडाळून न्यायला.

साहेब वाईट माणूस नव्हता. मी आत शिरताच ओरडायला सुरुवात केली, तर त्याने मला बसायला सांगितलं, पाणी दिलं. मग अर्ज माझ्यापुढे सरकवला, दुसरं पान वर काढून.

"हे तुम्हीच लिहिलंय ना? अक्षर छान आहे."

मी ते पान पुन्हा वाचू लागले.

"बाई, कायद्यात साल आणि सुरुंग एकाच पानावर आहेत. सुरुंगवाला सापडला तर त्याला पण धरू. पण ह्यांनी स्वतः लिहून दिलंय, सही आहे, वर आमच्यासमोर करून दाखवलंय. मी डोळे कसे मिटू? उद्या तुम्हीच पत्रक काढाल माझ्यावर."

काढलं असतं. त्याचा मथळासुद्धा मला सांगता येईल.

मी बाहेर आले. तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं ती आता शिव्या देईल, आणि मला त्या हव्या होत्या. ती म्हणाली, "एकच टोपली लिवलं ते बरं केलं. तीन असत्या तर जास्त सजा पडली असती ना?"

जातमुचलक्यावर तिला संध्याकाळी सोडलं. पाग आतच राहिला.

इथपर्यंतची चूक अडाणीपणाची होती असं म्हणून मी कदाचित झोपू शकले असते. पुढची चूक मी समजून उमजून केली. आमच्या ओळखीच्या वकिलांनी पहिल्याच दिवशी सरळ सांगितलं: "गुन्हा कबूल करून टाका. पहिलीच वेळ आहे, बाई गरीब आहे, थोडासा दंड होईल. पाग परत मागू. कदाचित मिळेलही." मी म्हटलं, कबूल? कसला गुन्हा? ही लढाई आहे. परंपरेने मासे धरणाऱ्या बाईला सुरुंगवाल्यांच्या रांगेत बसवणाऱ्या कायद्याविरुद्धची लढाई. आपण शेवटपर्यंत लढायचं. वकील तिच्याकडे वळले. "तुम्ही सांगा, मावशी."

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "ती सांगल ते."

एवढा विश्वास कोणी माझ्यावर ठेवू नये, असं आता वाटतं. तेव्हा माझी छाती फुगली होती.

तारखा सुरू झाल्या. वाडीतून चालत टोकावडे, तिथून एसटीने तालुक्याचं कोर्ट. साक्षीदार आला नाही, तारीख. साहेब रजेवर, तारीख. सरकारी वकील बदलले, तारीख. ती दर तारखेला येऊन कोर्टाच्या आवारात उकिडवी बसायची, भाकरी सोडायची आणि अर्धी मला द्यायची. पुकारा करणाऱ्या शिपायाचं तिला फार कौतुक. "येवडा आवाज. नदीवर आणला तर एक मासा ऱ्हायचा नाय." आवारात पाण्याची एक टाकी होती. एका तारखेला ती टाकीत बराच वेळ वाकून बघत राहिली आणि मला खुणेने बोलावलं. डास मारायला सोडलेले गप्पी मासे होते आत.

"तुमच्या कोर्टातबी मासं हायत गो."

"हो."

"मी नाय हात लावला. तू साक्षीदार."

मी हसले. तीही हसली, आणि मग त्याच दमात विचारलं, "माझा पाग कुटं ठेवला असंल? उंदीर हायत का तितं?"

हा प्रश्न ती प्रत्येक तारखेला विचारायची. मी प्रत्येक तारखेला सांगायचे की आपण जिंकलो की मिळेल. पावसाळा आला. नदी भरून वाहू लागली आणि तिच्या हातात पाग नव्हता. दुसरा विणायचं मी सुचवलं, दोरा आणून देते म्हटलं. "तो आत असताना?" ती म्हणाली. जणू तुरुंगात माणूस असताना मी दुसऱ्या स्थळाची गोष्ट काढली होती. टोकावड्याच्या नाक्यावरची शेवटची जागा रिकामी राहू लागली. दोन-तीन आठवड्यांनी शेजारची बाई सरकून तिथे बसली.

दरम्यान मी तिच्यावर पत्रक काढलं. नाव, वाडी, सगळं घालून. लोकांना फार आवडलं. शहापुरात एका सभेत मी ते वाचलं तेव्हा टाळ्या पडल्या. त्यानंतरच्या गुरुवारी वाडीत गेले, तर "कागद घ्या गो" अशी हाक आली नाही. बायका घरातच होत्या. वर्गाला दोघी आल्या, आणि त्यांनीही पेन्सिल धरली नाही. एकीने विचारलं, "ताई, सही नाय आली तर चालल ना?"

दिवाळीनंतरच्या तारखेला ती आली तेव्हा नवराही बरोबर होता. दोघांच्या डोक्यावर बोचकी. मला वाटलं, एखाद्या लेकीकडे जायचं असेल. नाव पुकारलं. ती आत गेली, आणि वकील उठायच्या आत हात जोडून म्हणाली, "साहेब, मीच घातली साल. एक टोपली. मला गुन्हा कबूल हाय."

न्यायाधीशांनी विचारलं, कोणी दबाव आणलाय का. ती म्हणाली, नाय. समजून उमजून बोलताय का. होय. मग ती घाईने बोलू लागली, "पन साहेब, त्या डोहाचं असं हाय का..."

आणि मी, मागच्या बाकावरून, तिला गप्प राहायची खूण केली. जास्त बोलली तर केस आणखी बिघडेल या भीतीने. तिने माझ्याकडे पाहिलं आणि वाक्य सोडून दिलं.

दंड अगदी थोडा होता. नवऱ्याने कनवटीतून काढून भरला, मला भरू दिला नाही. पागाविषयी आदेशात एकच ओळ होती: गुन्ह्यातील साधने सरकारजमा. त्या पागाला गुन्हा माहीतही नव्हता, असं वकील म्हणणार होते. पण आरोपीने गुन्हा कबूल केल्यावर त्यांना कोणी विचारलं नाही.

बाहेर आल्यावर मी तिच्यावर चिडले. होय, चिडले. "असं का केलंस? आपण जिंकणार होतो!"

"कदी?"

मी वकिलांकडे पाहिलं.

"मुकादमाची गाडी आज हाय," ती म्हणाली. "आज नाय गेलो तर औंदा जोडी लागत नाय." नवरा रस्त्याकडे बघत उभा होता. त्या दिवशी तो मुका माणूस माझ्याशी पहिल्यांदा बोलला. "ताई," तो म्हणाला, "ती भट्टीवर जायाची नव्हती."

एवढंच. त्यात तक्रारीचा सूर नव्हता, म्हणून ते अजून ऐकू येतं.

मी रडू लागले. तिने बोचकं खाली ठेवलं, माझ्या डोक्यावरून हात फिरवला. हात कोरडा होता. "रडू नको गो. तू शिकलेली, तुला काय ठावं." मग ती गाडीच्या दिशेने निघाली. नवऱ्याच्या पुढे, नेहमीसारखी भरभर.

पावसाच्या तोंडाला वाडीतली बाकीची माणसं परत आली. ती दोघं नाही आली. कोणी म्हणालं, तिकडेच थोरल्या लेकीजवळ राहिली. कोणी म्हणालं, भट्टीवाल्याने दुसऱ्या कामाला ठेवून घेतलं. मी दोन भट्ट्यांवर जाऊन आले. तिसरीचा पत्ता कोणाला नीट सांगता आला नाही.

यंदा वैशाखात मी वाडीत गेले. तिची जाऊ दारात तांदूळ निवडत होती. तिने 'बस' म्हटलं नाही, पण 'जा' असंही म्हटलं नाही. मी वरच्या डोहाकडे जाऊन येते म्हटलं, तर ती उठली आणि बरोबर आली.

डोह नव्हता. जिथे ती कमरेएवढ्या पाण्यात उभी राहायची, तिथे भेगाळलेला चिखल होता आणि त्याच्या मधोमध दोन-तीन हात लांबीचं गढूळ डबकं. त्यात सगळा डोह येऊन कोंबला होता. मासे मावत नव्हते, एकमेकांवर चढत होते, तोंडं वर काढून हवा घेत होते. कडेला मेलेल्यांचा थर, त्यावर माश्या. वास वाडीपर्यंत येत होता. मला तो खालूनच आला होता, कशाचा ते कळलं नव्हतं. काठावर एक बगळा उभा होता आणि सावकाश खात होता.

"हा दर साली आटतोच," जाऊ म्हणाली. "म्हनून तर ह्याच्यातलं काढायचं. खालच्या डोहात ती कदी हात घालत नसं. आटायच्या आधी काढायचं, आन् पोटुशी, बारकी मासली खालच्या पान्यात नेऊन सोडायची. फुडच्या सालाला."

ज्या दिवशी मी पाहायला आले होते, त्या दिवशी ऊन कलल्यावर मी एसटी गाठली होती. पुढचं मी पाहिलं नव्हतं. आणि हाच डोह का, हे विचारलं नव्हतं. परंपरा आहे, एवढं मला पुरलं होतं.

"पण मग तुम्ही का नाही काढत?" मी विचारलं. "साल नका घालू. नुसत्या हातांनी. पागाने. त्याला कायदा आड येत नाही. खरंच सांगते, तो गुन्हा नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं.

"ते तू सांगतेस," ती म्हणाली. "तवाबी तूच सांगत व्हतीस."

आणि ती वळून खाली निघून गेली. वाडीत चुली पेटल्या होत्या. एकाही घरातून माशाचा वास येत नव्हता.

मी चपला काढल्या आणि चिखलात उतरले. गुडघ्यापर्यंत रुतले. ओढणी डबक्यात पसरली, वर ओढली. दहा-बारा मासे आले, निम्मे उडून गेले. पोटुशी कुठली ते मला ओळखता येत नव्हतं. ओढणीची झोळी करून खडकांवरून घसरत खालच्या पाण्यापर्यंत गेले, उघडली. चार तरंगले. एक थोडा वेळ तिरपा राहिला, मग सरळ झाला आणि दिसेनासा झाला.

परत वर आले आणि ओढणी पुन्हा पाण्यात टाकली. बगळा दोन पावलं बाजूला सरला. उडाला नाही.